खोडलेला 'का'

२८ ऑगस्ट २०१७, सोमवार

पडलं शेवटी माझ्याच गळ्यात! प्राचार्य चारुदत्तसरांनी केबिनमध्ये बोलावलं आणि चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच समजायला हवं होतं. "रत्नप्रभाताई, ऑनलाइन अभ्यास व संशोधन कौशल्ये. तीस तासिका, बी.ए. द्वितीय. तुम्हीच घ्या." मी म्हटलं, सर, मला कॉम्प्युटर सुरू करता येतो, बंद करताना मी वायर उपटते. तर म्हणतात, "ग्रंथपाल म्हणजे माहितीचंच काम ना!"

निवृत्तीला सात महिने उरलेत. एकतीस वर्षं ह्या कळंबच्या कॉलेजात पुस्तकं दिली, घेतली आणि पोरांची भाषा सुधारली. खिडकीशी येऊन कोणी "मले पुस्तक पाह्यजे" म्हणालं, की "मला" म्हणेपर्यंत मी पुस्तक देत नाही. "काहून" म्हणालं तर "का" म्हणायला लावते. तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे हे. मी दिसले की बाजारात माणसं बोलायची थांबतात. मला वाटतं आदरानं. हे म्हणतात, आदरानं नाही!

३० ऑगस्ट, बुधवार

पहिली तासिका. कॉम्प्युटर अकरा, चालू तीन, पोरं अठ्ठावीस. एका माऊसवर नऊ हात!

फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. इंटरनेटवर, मोबाइलवर काहीही दिसलं की आधी हे विचारायचं — कोण म्हणतं? कुठून आणलं? का म्हणतं? मला स्वतःला हे रविवारी कळलं, एका पुस्तकातून. वर्गात मात्र असं सांगितलं की जणू जन्मल्या जन्मल्या सुइणीलाही मी हेच विचारलं होतं.

धम्मरत्न म्हणून एक मुलगा पुढच्या बाकावर बसतो. त्यानं वहीत उतरवलं — "काहून म्हणते?" मी लाल पेनानं "का" केलं. तो म्हणाला, "मॅडम, काहून बदललं?" आता ह्याला काय म्हणावं!

१ सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात उघडलेल्या सात वेबसाइटची पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत रीतसर नोंद केली. दाखल क्रमांक १८४४२ ते १८४४८. चारुदत्तसरांनी पाहिलं आणि नुसते खाली बसले.

६ सप्टेंबर, बुधवार

आज हसून हसून पोट दुखलं. मी वर्गात हसले नाही, घरी येऊन हसले.

पोरांना टाइप करायचा कंटाळा. मोबाइलवर ते माइकचं चित्र दाबून बोलतात आणि अक्षरं आपोआप उमटतात. मला हे माहीतच नव्हतं! (चेहऱ्यावर दाखवलं नाही.) धम्मरत्ननं प्रात्यक्षिक दिलं. मोबाइल तोंडाशी धरून ओरडला, "पऱ्हाटीवरची अळी कशी मारा लागते?" आपल्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात हे त्या मोबाइलला कोण सांगणार! त्यानं लिहिलं "पराठे वरची आळी". खाली आलू पराठा, मेथी पराठा, पनीर पराठा, फोटोंसकट. मागून कोणीतरी — "मॅडम, पनीरवर अळी नसते म्हन्ते."

मला आयती संधी मिळाली. सगळ्यांना उभं केलं. म्हटलं, बघा, एकतीस वर्षं सांगते आहे! शुद्ध बोललात तर यंत्रालाही कळेल. "मोबाइल म्हणजे मीच समोर बसले आहे असं समजून बोला." हे वाक्य मला फार आवडलं. पोरांनी वहीत लिहून घेतलं. जेवताना ह्यांना सांगितलं. ह्यांनाही आवडलं, म्हणाले, उद्याच मंडळात सांगतो.

ह्यांचं मंडळ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचं. निवृत्त झाल्यापासून श्रीकृष्णरावांना नोकरी तीच. सकाळी सहाला फुलांचे फोटो, दुपारी आयुर्वेद, संध्याकाळी देशाची चिंता.

९ सप्टेंबर, शनिवार

हे मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात. "अगं, एवढं शुद्ध करून दे. नागोरावनं पाठवलंय, मला ग्रुपवर टाकायचंय. लोक चुका काढतात." नागोराव म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, शेतकरी. फवारणीबद्दल काहीतरी सूचना होत्या. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, तेवढ्यात करून दिलं.

ऱ्हस्व-दीर्घाच्या सहा चुका. विरामचिन्ह एकही नाही, नावाला नाही! "औषधे मिसळून का फवारणी करताना" — कसला का? ना प्रश्न, ना प्रश्नचिन्ह. खोडला. "बांधा" चं "बांधावा" केलं. मध्ये एक अर्धविराम दिला, वाक्य एकदम उभं राहिलं. खाली "— एक हितचिंतक" घातलं, शोभा येते.

हे म्हणाले, "वाचलंस ना नीट?" मी म्हटलं, मी चुका वाचते, मजकूर तुम्ही वाचा.

१३ सप्टेंबर, बुधवार

कॉम्प्युटर वायर न उपटता बंद केला. कोणाला सांगावं? वहीला सांगते.

२५ सप्टेंबर, सोमवार

आज वर्गात हसण्यासारखं काही झालं नाही.

पेपरात रोज येतंय — फवारताना चक्कर आली, डोळे गेले, यवतमाळला भरती केलं. मी आज प्रात्यक्षिक म्हणून सांगितलं होतं, घरच्या मोबाइलवरचा एक मेसेज आणा, त्याला आपले तीन प्रश्न विचारू. दीपमालानं आणला. दीपमाला तिसऱ्या बाकावरची, अकरा किलोमीटरवरून एसटीनं येते, पास कधी विसरत नाही, बोलते कमी. तिनं उभं राहून वाचला —

"कृषी शास्त्रज्ञांचा जालीम उपाय! अळी दिसली की तिन्ही औषधे मिसळून फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधावा; वाऱ्याच्या दिशेने चालावे. — एक हितचिंतक." आजूबाजूला हात जोडलेले, ट्रॅक्टर आणि तीन लाल फुलं.

"बाबा याच्यावरूनच फवारणार हायेत," ती म्हणाली. "मावा, तुडतुडे अन् अळी, तिघायच्या दवाया एकाच ड्रममंधी." कधी? तर रविवारी. दसऱ्याला सगळे दीक्षाभूमीला नागपूरला जातात, तिथून आले की लगेच. तिनं मोबाइलवर शोधून बापाला दाखवलं की असं मिसळू नये, विष होतं, डब्यावरही लिहिलंय. श्रावण — तिचे वडील — म्हणाले, डब्यावरचं बारीक लिवलं राह्यते, हे मोठं लिवलं हाये. वर म्हणाले, "कोनं लिवलं थे शोधून आन. मानूस खोटा निघाला त थांबतो."

बापानं माझाच पहिला प्रश्न विचारला!

मी वर्गाला म्हटलं, शोधायचा. उगमापर्यंत जायचं. ज्याच्याकडून आला त्याला फोन, त्याला कोणी पाठवला त्याला फोन. रविवारच्या आत. धम्मरत्न म्हणाला, "मॅडम, हे कोनत्यातरी मोठ्या मानसानं लिवलं असन. एक पन चूक नाई." मी मेसेज पुन्हा पाहिला. खरंच नाही. म्हटलं, मजकूर घातक आहे, पण भाषा निर्दोष आहे. दहापैकी दहा.

२६ सप्टेंबर, मंगळवार

पोरांनी फोनवर काय विचारायचं ते मी लिहून दिलं. "नमस्कार. मी संशोधक विद्यार्थी बोलतोय. आपला अमूल्य वेळ घेतो." धम्मरत्न हे पाठ करतोय.

पाच माणसं मागे गेलो. श्रावणला दिला शेजारच्या शेतकऱ्यानं, त्याला बियाण्याच्या दुकानातल्या ग्रुपवरून, तिथे टाकला पूनमसिंग नावाच्या ट्रॅक्टरवाल्यानं. ट्रॅक्टर आणि फुलं त्यानं घातली. "खाली जागा उरली होती ना," म्हणे.

२७ सप्टेंबर, बुधवार

नऊ माणसं. "कृषी शास्त्रज्ञांचा" हे कोणी जोडलं ते सापडलं! सेवादास नावाचे गृहस्थ, पांढरकवड्याला राहतात, कटिंगचं दुकान. दीपमालानं विचारलं, काका, तुम्हाला कसं कळलं शास्त्रज्ञानं लिहिलं? ते म्हणाले, "बाई, तो उभा बारका डोया पाह्यला का मेसेजमंधी? टिंब अन् खाली शेपटी? तसं आपल्याकडचा मानूस नाई लिवत. शास्त्रज्ञच लिवते."

म्हणजे अर्धविराम. वर्ग हसला. मीही हसले.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

तेरा माणसं. पोरं आज रात्रीच नागपूरला निघणार, वर्ग अर्धा. चौदाव्याचा नंबर मिळालाय, नाव नाही, तो फोन उचलत नाही. दीपमाला निघताना दारात थांबली. "मॅडम, नाई सापडलं त?" मी म्हटलं, सापडेल. "बाबा ऐकत नाईत. ड्रम पान्यानं भरून ठेवला हाये." तिचे डोळे भरले होते. मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. असं मी कधी करत नाही.

३० सप्टेंबर, शनिवार. दसरा

काय लिहू?

सकाळी दहाचा सुमार. हे आंघोळीला. ह्यांचा मोबाइल दिवाणावर वाजत होता, थांबेचना. मी उचलला. पलीकडे प्रचंड गर्दीचा आवाज, भोंगे, कोणीतरी कोणाला हाका मारतंय. आणि त्या गोंधळात घसा खाकरून — "नमस्कार. मी संशोधक विद्यार्थी बोलतोय. आपला अमूल्य वेळ घेतो."

चौदावा नंबर!

मी म्हटलं, "ते आंघोळीला गेलेत." गर्दी बोलतेय, धम्मरत्न नाही. मग अगदी हळू — "मॅडम?"

मी फोन बंद केला. एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या तोंडावर फोन आपटला नव्हता. आधी कोणाचा आला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. विचारलं, तो फवारणीचा मेसेज तुम्हाला कोणी दिला? "नागोरावनं. तूच तर शुद्ध करून दिलास!" मोबाइलवर मागे मागे जाऊन त्यांनी नागोरावांचा मूळ मेसेज काढला. मी ही वही काढली, ९ सप्टेंबरचं पान. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. पहिल्यांदा मजकूर वाचला.

"तिन्ही औषधे मिसळून का फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधा वाऱ्याच्या दिशेने चालावे"

मिसळून का. मिसळून का. मोठ्यानं वाचलं आणि कळलं. मिसळू नका! अक्षरं तीच, फक्त जागा सरकलेली. "तिन्ही औषधे मिसळू नका. फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधा." नागोराव बोलून टाइप करतात, मोबाइलनं शब्द चुकीच्या जागी तोडला. तरी तो का तिथे उभा होता, कोणी शहाणा अडखळला असता, विचारलं असतं. तो मी खोडला. अर्धविराम दिला. हितचिंतक झाले!

नागोरावांना तीनदा फोन केला, लागत नाही. दीपमालाला केला, धम्मरत्नला केला. दीक्षाभूमीवर लाखो माणसं, फोन कसे लागणार? हे म्हणाले, "अगं, तू लिहिलंस हे कोणाला कळणार आहे? त्या मुलाला फक्त माझा नंबर मिळालाय. मी सांगतो, मी तसाच पुढे ढकलला." खोटं सांगू नये हे ह्यांना चांगलं कळतं. माझ्यासाठी म्हणत होते. आणि खरं सांगायचं तर दुपारी जेवण होईपर्यंत मलाही ते पटत होतं. मार्चमध्ये निरोप समारंभ आहे, शाल ठरली आहे, भाषणात "भाषाप्रभू" असा शब्द येणार आहे. चारुदत्तसरांनी मलाच तपासायला दिलं होतं भाषण.

पण श्रावणनं विचारलंय कोनं लिवलं. नाव मिळालं तर तो थांबणार आहे. नाव माझ्याकडे आहे.

उद्या पहिली एसटी सव्वासहाला.

१ ऑक्टोबर, रविवार

फाट्यावर उतरून चालत गेले. गावात सगळे नागपूरहून नुकते परतलेले, डोळ्यांत झोप, पायात धूळ. श्रावण मात्र वावरात पोचला होता. बांधावर निळा ड्रम, पंप, आणि तीन बाटल्या ओळीनं मांडलेल्या. एकीचं बूच काढलेलं! पऱ्हाटी माझ्या छातीपर्यंत आली आहे, मला लांबून त्याचं फक्त मुंडासं दिसत होतं. मी ओरडले, "मिसळू नका!" त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा ओरडले. मग तिसऱ्यांदा काय ओरडले ते ऐकून तो वळला. "मिसळू नोका हो बाप्पा!" माझ्याच तोंडून.

दीपमाला मागून धावत आली, तिची आई पंचफुलाबाईही. धापा टाकत मी बांधावर बसले आणि पिशवीतून वही काढली. श्रावण म्हणाला, "मॅडम, तुमी? एवढ्या दूर, काहून?"

मी म्हटलं, तुम्ही विचारलं होतं ना, कोणी लिहिलं. मी लिहिलं.

९ सप्टेंबरचं पान वाचून दाखवलं. सगळं, कुकरसकट. मग श्रावणनं बूच उचललं, बाटलीला घट्ट लावलं आणि तिन्ही बाटल्या एकमेकींपासून लांब लांब ठेवल्या, भांडणाऱ्या पोरांना बसवतात तशा. "म्हंजे शास्त्रज्ञ तुमी," म्हणाला, आणि हसायला लागला. पंचफुलाबाई नाही हसल्या. त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या एका अक्षरानं माह्या घरचा मानूस गेला असता." मी मान खाली घातली. म्हटलं, मला माफ करा. मग त्यांनीच पाण्याचा लोटा दिला.

दुरुस्तीचा मेसेज दीपमालानं टाइप केला. माइकनं नाही, बोटानं. "तिन्ही दवाया मिसळू नोका. एकसाथ मिसळल्या त जहर होते. पयलेचा मेसेज चुकीचा हाये." खाली माझं नाव आणि नंबर, हितचिंतक नाही. मला वाचायला दिला. चुका मी मोजल्या नाहीत असं लिहिलं तर खोटं होईल. सात होत्या. म्हटलं, पाठव. चौदाही माणसांना, उलट्या क्रमानं.

मग तिनं विचारलं, "मॅडम, पानाचा फोटो घेऊ का? संदर्भात द्या लागन ना." मीच शिकवलंय, मूळ स्रोत जोडल्याशिवाय गुण नाहीत. तिनं लिहिलं — संदर्भ १५: रत्नप्रभा मॅडमची खाजगी वही, पान ९ सप्टेंबर २०१७, प्रत्यक्ष पाह्यलं.

दिवसभर फोन येताहेत. एकानं विचारलं, खरा हितचिंतक कोणता ते सांगा.

२ ऑक्टोबर, सोमवार

हे म्हणतात, तुझी एक चूक, पण खरा दोष मोबाइलचाच. त्यानंच जागा चुकवली. मलाही तसंच वाटतं. जरा बरं वाटलं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

नागोराव घरी आले. मी म्हटलं, भाऊजी, मोबाइलनं तुमचे शब्द भलतीकडेच तोडले. ते म्हणाले, "मी त जलमभर 'नोका'च म्हन्तो, वैनी. 'नोका' त्याले तोडताच नसतं आलं. पन श्रीकृष्ण बोलला, तुमी सांगतलं हाये, फोन म्हंजे तुमीच समोर बसल्या असं समजून बोलाचं. म्हून भेऊन 'नका' म्हनलो."